सेव्ह केलं होतं, तरी फाइल गेली कशी? जुन्या कॉम्प्युटरवरची डिस्क कॅश आणि बाहेरचे डिस्क ड्रायव्हर

पालमला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन लॅपटॉप घेणारे लोक परभणी किंवा नांदेडला जातात. माझ्याकडे येतात ती जुनी यंत्रं. त्यांच्या मालकांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असं : "मी सेव्ह केलं होतं हो. लाइट गेली, परत आली, आणि फाइल उघडेचना."

बरेच मेकॅनिक यावर "मग केलं नसेल सेव्ह" असं म्हणून मोकळे होतात. मीही पूर्वी म्हणायचो. पण माणूस खरं सांगत असतो. त्याने सेव्ह केलेलं असतं, कॉम्प्युटरनेही "झालं" असं सांगितलेलं असतं, आणि तरीही डिस्कवर ते पोचलेलं नसतं. मधे जी वस्तू बसलेली असते तिचं नाव डिस्क कॅश. त्यात डिस्कसाठी बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर असेल तर गुंता आणखी वाढतो. या लेखात आपण दोन्ही गोष्टी पाहू, आणि जुनं यंत्र हाताळताना काय करावं, काय अजिबात करू नये, हेही पाहू.

कॅश म्हणजे काय?

बाजाराच्या दिवशी किराणा दुकानात गर्दी असते. दुकानदार उधारी लगेच खतावणीत लिहीत बसत नाही. हाताशी असलेल्या कच्च्या चिठ्ठीवर नाव आणि रक्कम टिपतो, गिऱ्हाईक मोकळं करतो, आणि उसंत मिळाली की सगळं खतावणीत उतरवतो. काम झपाट्याने होतं. पण उतरवण्याआधी चिठ्ठी हरवली तर उधारी बुडाली.

इथे चिठ्ठी म्हणजे रॅम आणि खतावणी म्हणजे हार्ड डिस्क. दोघांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ५४०० आरपीएमची डिस्क एक फेरी पूर्ण करायला सुमारे ११ मिलिसेकंद घेते. हवा असलेला भाग डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात, आणि डोकं योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळाच. रॅमचं काम नॅनोसेकंदांत होतं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टम डिस्कवरचा वरचेवर लागणारा मजकूर रॅममध्ये ठेवून घेते. ही झाली वाचनाची कॅश. तिच्यात धोका नाही, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच.

लिहिण्याची कॅश मात्र कच्च्या चिठ्ठीसारखी. प्रोग्रॅम म्हणतो "हे लिही", सिस्टम म्हणते "लिहिलं", आणि प्रत्यक्षात ते थोड्या वेळाने लिहिते. तिला राइट-बिहाइंड कॅश म्हणतात. सगळा घोळ होतो तो या "थोड्या वेळात".

लक्षात ठेवा, कॅश एकाच ठिकाणी नसते. एक ऑपरेटिंग सिस्टमची, रॅममध्ये. दुसरी खुद्द हार्ड डिस्कच्या सर्किटवरची. काही महागड्या कंट्रोलर कार्डांवर तिसरीही असते. वरची कॅश बंद केली म्हणजे खालचीही बंद झाली असं नाही.

लाइट गेली की नेमकं काय होतं?

फाइल सेव्ह होते तेव्हा डिस्कवर किमान तीन ठिकाणी लिहावं लागतं. पहिलं, खुद्द मजकूर. दुसरं, कोणते तुकडे कोणत्या फाइलचे याचा तक्ता; जुन्या विंडोजमध्ये त्याला फॅट म्हणतात. तिसरं, फोल्डरमधली नोंद, म्हणजे फाइलचं नाव, आकार, तारीख. या तीन गोष्टी डिस्कवर वेगवेगळ्या जागी असतात.

दोन गोष्टी लिहून झाल्या आणि तिसरीच्या आधी वीज गेली, तर फाइलचं नाव दिसतं पण आकार शून्य दाखवतो. किंवा मजकूर डिस्कवर असतो पण तो कुणाचा हे सांगणारी नोंदच नसते. यालाच स्कॅनडिस्क "हरवलेले क्लस्टर" म्हणतं आणि ते सीएचके शेपटीच्या फाइलींत जमा करतं. ही शेपटी ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी वापरतात ती एनटीएफएस पद्धत आधी बदलांची टाचण करून ठेवते. त्यामुळे फाइल सिस्टमचा सांगाडा सहसा वाचतो. पण तुमच्या मजकुराची खात्री तीही देत नाही.

आपल्याकडे याला वेगळं महत्त्व आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यात भारनियमन कसं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वेळापत्रकाप्रमाणे जाणाऱ्या लाइटची तयारी तरी करता यायची. मधेच डोळा मारून जाणारी लाइट घात करायची.

डॉसचा काळ : स्मार्टड्राइव्ह

डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळात कॅशचं काम मायक्रोसॉफ्टचा स्मार्टड्राइव्ह करायचा. त्याच्या दोन पिढ्या आहेत आणि फरक समजून घेण्यासारखा आहे.

जुनी पिढी कॉन्फिग.सिस फाइलमधून चढायची आणि बायोसच्या पातळीवर बसायची. म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या अगदी खालच्या दरवाजात. त्या काळी मोठ्या डिस्कसाठी डिस्क मॅनेजर, स्पीडस्टोर, व्हीफीचर डीलक्स असे बाहेरचे पार्टिशन ड्रायव्हर वापरात होते. डिस्कवरचे सिलिंडर आणि सेक्टर ते आपल्या पद्धतीने मोजायचे. कॅश खालच्या दरवाजात, ड्रायव्हर वरच्या, आणि दोघांचा हिशेब वेगळा. याचा परिणाम म्हणजे चुकीच्या जागी लिहिलं जाऊन डिस्क खराब होण्याचा धोका. म्हणून १९९१ च्या डॉस ५ मध्ये अशा पार्टिशनांबद्दल इशारे दिलेले असत.

१९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर नवी पिढी आली. ती डॉसच्या डिव्हाइस ड्रायव्हरच्या पातळीवर बसते, म्हणजे बाहेरच्या ड्रायव्हरच्याही वर. खाली कोणाचा ड्रायव्हर आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. सुसंगतपणाचा मोठा प्रश्न त्यामुळे सुटला. पण या पिढीत राइट-बिहाइंड आलं, आणि लिहायचा मजकूर साधारण पाच सेकंदांपर्यंत रॅममध्ये राहू लागला. १९९३ च्या डॉस ६ मध्ये लोक काम झालं की प्रॉम्प्ट दिसताच बटण बंद करायचे, आणि मजकूर जायचा. तक्रारी वाढल्यावर त्याच वर्षीच्या ६.२ मध्ये बदल झाला : कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरल्याशिवाय प्रॉम्प्ट परत येत नाही.

असं यंत्र अजून कोणाकडे असेल तर स्मार्टडीआरव्ही या आज्ञेचे हे पर्याय उपयोगी पडतात (अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची) :

• /एस : कोणत्या ड्राइव्हला वाचनाची आणि कोणत्याला लिहिण्याची कॅश आहे ते दाखवतं.
• /सी : कॅशमधलं सगळं ताबडतोब डिस्कवर लिहितं. बटण बंद करण्याआधी ही सवय लावा.
• /एक्स : लिहिण्याची कॅश सगळ्या ड्राइव्हसाठी बंद करतं (डॉस ६.२ पासून).

आणखी दोन गोष्टी. सीडी ड्राइव्हलाही कॅश हवी असेल तर आधी एमएससीडीईएक्स चढवा, मग स्मार्टड्राइव्ह. क्रम उलटा झाला तर सीडीला कॅश मिळत नाही. आणि स्कझी कंट्रोलर असेल तर डबल बफरिंगकडे लक्ष द्या. हे कंट्रोलर प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये लिहितात. ईएमएम३८६ चालू असताना प्रोग्रॅमला दिसणारा रॅमचा पत्ता आणि खरा पत्ता वेगळे असू शकतात, मग कंट्रोलर भलत्याच जागी लिहून मोकळा होतो. डबल बफर मधे एक ठरावीक सुरक्षित जागा देतो. /एस केल्यावर बफरिंगच्या रकान्यात "येस" दिसलं तर त्याची गरज आहे असं समजा.

स्मार्टड्राइव्हचा एक उपयोग जुन्या मेकॅनिक मंडळींना आठवत असेल. बूट फ्लॉपीवरून विंडोज ९८ किंवा एक्सपी टाकताना आधी स्मार्टड्राइव्ह चढवला तर फाइल कॉपी झरझर होते. विसरलात तर चहा, जेवण आणि झोप, सगळं उरकून या.

विंडोज ९५ आणि ९८ : कंपॅटिबिलिटी मोड

विंडोज ९५ पासून कॅश विंडोजच्या आत आली. तिचं नाव व्हीकॅश. विंडोज स्वतःच्या ३२ बिट ड्रायव्हरने डिस्कशी बोलतं. पण सुरू होताना त्याला कॉन्फिग.सिसमध्ये किंवा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये एखादा अनोळखी ड्रायव्हर दिसला, तर ते धोका पत्करत नाही. आपला ड्रायव्हर बाजूला ठेवून डिस्कचं काम डॉसच्या मार्गाने करतं. हाच एमएस-डॉस कंपॅटिबिलिटी मोड. यंत्र चालतं, पण बैलगाडीसारखं.

तपासायचं कसं? माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग परफॉर्मन्स. तिथे फाइल सिस्टमसमोर "३२-बिट" लिहिलेलं असलं तर ठीक. कंपॅटिबिलिटी मोडचा उल्लेख असला तर कारण शोधा. विंडोजच्या फोल्डरमध्ये आयओएस.लॉग नावाची फाइल असेल तर तिच्यात बहुतेक वेळा दोषी ड्रायव्हरचं नाव सापडतं. माझ्या अनुभवात चार कारणं :

१. कॉन्फिग.सिसमध्ये राहून गेलेला जुना डॉसचा ड्रायव्हर.
२. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसलेला बूट व्हायरस. अचानक कंपॅटिबिलिटी मोड दिसला तर हाही संशय घ्या.
३. मोठ्या डिस्कसाठी टाकलेला ओव्हरले, तोही जुन्या आवृत्तीचा. नव्या आवृत्त्यांशी विंडोज जुळवून घेतं.
४. रजिस्ट्रीत आलेली "नोआयडीई" नावाची नोंद. सुरू होताना आयडीई ड्रायव्हर एकदा जरी कोलमडला तरी विंडोज ही नोंद करून ठेवतं, आणि पुढच्या वेळी ड्रायव्हर वापरतच नाही. मूळ अडचण गेली तरी नोंद तशीच राहते.

ओव्हरले : माझ्या हातून गेलेली डिस्क

हा भाग नीट वाचा, कारण इथली चूक मी केलेली आहे.

जुन्या बायोसना डिस्क मोजण्याची मर्यादा होती. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट यांचा गुणाकार केला तर सुमारे ५०४ एमबी येतात. त्यापुढची डिस्क बायोसला दिसायचीच नाही. पुढे काही बायोस २.१ जीबीला अडले, मग ८.४ जीबीला. नवा बोर्ड घेण्याऐवजी लोक डिस्कबरोबर मिळणारं ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह टाकायचे. हा प्रोग्रॅम पहिल्या सेक्टरमध्ये बसतो, विंडोजच्या आधी चढतो, आणि बायोसच्या वतीने डिस्कचा हिशेब सांभाळतो. यालाच ओव्हरले म्हणतात.

डिस्क मॅनेजर सगळी डिस्क ६३ सेक्टर पुढे सरकवून दाखवतो. म्हणजे ओव्हरले चढलेला असेल तरच आतला तक्ता बरोबर दिसतो. तीच डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, किंवा फ्लॉपीवरून बूट केलं, तर डिस्कवर एक अनोळखी पार्टिशन दिसतं.

२००४ साली माझ्याकडे अशी एक डिस्क आली. "नॉन-डॉस" पार्टिशन दिसलं. मला वाटलं बूट व्हायरस. त्या काळचा रामबाण उपाय म्हणजे एफडिस्कला /एमबीआर जोडून चालवणं. मी चालवलं. ओव्हरले पुसला गेला. डिस्क रिकामी दिसू लागली, म्हणून मी फॉरमॅटही मारला. गिऱ्हाइकाचे तीन वर्षांचे हिशेब त्यात होते. त्यांनी भांडण केलं नाही, नुसतं "बरं" म्हणाले आणि डिस्क पिशवीत टाकून गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. मजकूर तेव्हा जागेवरच होता; माझ्या दोन आज्ञांनी तो घालवला.

त्यामुळे नियम असा : अनोळखी पार्टिशन दिसलं की हात मागे. ओव्हरले असलेलं यंत्र फ्लॉपीवरून चालू करायचं असेल तर आधी डिस्कवरून सुरू होऊ द्या. ओव्हरलेची सूचना दिसली की डिस्क मॅनेजरमध्ये स्पेसबार आणि ईझी-ड्राइव्हमध्ये कंट्रोल दाबा, मग फ्लॉपी द्या.

सप्ताहाची स्मरणिका

आता अलीकडची गोष्ट. एका छापखान्याच्या मालकांनी विंडोज ९८ चं पेंटियम यंत्र आणलं. आजच्या काळात हे का, असं कोणी विचारेल. त्यांचं मराठी फॉन्टचं पॅकेज पॅरलल पोर्टला लावायच्या डाँगलवर चालतं, आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच फॉन्टमध्ये आहेत. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. दुसऱ्या यंत्रावर मजकूर उघडला तर अगम्य चिन्हं दिसतात. डिस्क ४.३ जीबीची, बोर्ड २.१ जीबीला अडणारा, म्हणजे ओव्हरले आलाच.

त्यात एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची स्मरणिका होती. देणगीदारांची यादी, अन्नदानाच्या पंगती, कीर्तनकारांचे दिवस, सगळं पेजमेकरमध्ये लावलेलं. शेवटचं सेव्ह केलं आणि लाइट गेली. यूपीएस होता, पण बॅटरी मेलेली. आता फाइल शून्य आकाराची, यंत्र कमालीचं मंद, आणि सप्ताह आठ दिवसांवर. सप्ताहाची तारीख पुढे ढकलता येत नाही.

मी या क्रमाने काम केलं :

पहिलं, डिस्क काढून लिनक्सच्या यंत्राला लावली आणि डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रतिमा काढली. एकही बाइट लिहिला नाही. पार्टिशनचा प्रकार ५४ दिसला, तो डिस्क मॅनेजरचा. या वेळी ओळखला.

दुसरं, प्रतिमेवर टेस्टडिस्क चालवून आतलं फॅट पार्टिशन शोधलं आणि फाइलींची यादी पाहिली. लाइट आल्यावर स्कॅनडिस्क आपोआप चालून गेलं होतं, आणि मुळाशी चार सीएचके फाइली पडल्या होत्या. एकीचा आकार स्मरणिकेला शोभेल एवढा होता. तिची प्रत काढून शेपटी बदलून पी६५ केली.

तिसरं, डिस्क परत मूळ यंत्रात लावली, रजिस्ट्री पाहिली. नोआयडीई नोंद होतीच. ती काढून यंत्र पुन्हा सुरू केलं आणि परफॉर्मन्समध्ये ३२-बिट आलं. मंदपणा गेला.

चौथं, नाव बदललेली फाइल पेजमेकरमध्ये उघडली. पानं आली. शेवटच्या पानावरच्या सहा-सात देणगीदारांची नावं गेली होती, ती मालकांकडे वहीत होती. स्मरणिका वेळेत छापून झाली.

दरवेळी असं होत नाही. फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असते तर सीएचकेमधून काही हाती लागलं नसतं.

तुमच्या यंत्रावर काय करावं?

विंडोज ९८ वर : परफॉर्मन्स, फाइल सिस्टम, ट्रबलशूटिंग या मार्गाने जा आणि सगळ्या ड्राइव्हची राइट-बिहाइंड कॅश बंद करण्याच्या चौकटीत खूण करा. यंत्र थोडं मंद होईल. यूपीएस नसेल तर हा सौदा स्वस्तात पडतो.

विंडोज ९८ मध्ये ५१२ एमबीहून जास्त रॅम टाकली असेल आणि "मेमरी अपुरी" असा उलटाच संदेश येत असेल, तर व्हीकॅश जास्त जागा अडवतेय. सिस्टम.आयएनआय फाइलच्या व्हीकॅश भागात मॅक्सफाइलकॅश ५२४२८८ किंवा त्याहून कमी ठेवा.

एक्सपीवर : डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबवर लिहिण्याच्या कॅशची खूण असते. एक्सपी टाकताना साटा डिस्क दिसत नसेल किंवा ७बी क्रमांकाचा निळा पडदा येत असेल, तर कंट्रोलरचा ड्रायव्हर एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागतो. फ्लॉपी नसेल तर बायोसमध्ये साटा आयडीई पद्धतीवर करून पाहा.

सगळ्यांसाठी : यूपीएसची बॅटरी वर्षातून एकदा तपासा. प्लग काढून पाहायचं, एवढंच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅश पूर्ण बंद केली तर चालेल का?
वाचनाची बंद करू नका, तिने नुकसान होत नाही. लिहिण्याचीच बंद करा.

शट डाउन केलं तरी फाइल का जाते?
वेगवान यंत्रांवर विंडोज ९८ डिस्कची स्वतःची कॅश रिकामी होण्याआधीच वीज तोडायचं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दुरुस्ती काढली, ती बंद होताना क्षणभर थांबते.

पेन ड्राइव्हलाही हे लागू आहे का?
हो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला लिहिण्याची कॅश मुळातच बंद असते. तरीही कॉपी चालू असताना उपटू नका. त्याआधीच्या विंडोजवर "सेफली रिमूव्ह" केल्याशिवाय काढू नका.

ओव्हरले काढून टाकता येतो का?
येतो, पण आधी सगळा मजकूर दुसरीकडे नेऊन. नव्या बोर्डावर डिस्क कोरी करून पुन्हा पार्टिशन करणं हा सरळ मार्ग.

छापखान्याच्या मालकांना मी शेवटी दोनच गोष्टी सांगितल्या. नवी बॅटरी, आणि दर शनिवारी डिस्कची प्रत. बॅटरी त्यांनी त्याच दिवशी नांदेडहून मागवली. प्रतीचं अजून आठवण करून द्यावी लागते. तुमच्याकडेही असं जुनं यंत्र चालू असेल, तर आज संध्याकाळी परफॉर्मन्सचा टॅब उघडून बघा. आणि काही बिघडलेलं दिसलं, तर दुरुस्तीच्या आधी प्रत काढा.